जेलमधल्या माणसाचे कोर्टाचे कागद: सुरतमध्ये काय फुकट मिळतं, कशाला पैसे लागतात

सुरतच्या लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. घरातला कमावता माणूस लाजपोरच्या जेलमध्ये गेला की पहिल्या आठवड्यातच दागिना गहाण टाकायची वेळ येते. बरेचदा तो पैसा अशा कागदांवर जातो, जे कायद्याने फुकट मिळायला हवेत. साक्षींच्या नकला, भाषांतर, अहमदाबादच्या उच्च न्यायालयाच्या फेऱ्या यांना खरंच पैसे लागतात, पण त्यांची वेळ येईपर्यंत हातात काही उरत नाही. खटल्याचे कागद अर्धवट असले तर अपील रखडतं आणि आतल्या माणसाची वर्षं जातात. म्हणून हा हिशेब जरा सविस्तर मांडतो आहे.

माणूस कोणत्या कागदावर आत आहे?

वकिलाकडे जाण्याआधी हे पक्कं करा. त्याला शिक्षा झाली आहे, खटला अजून चालू आहे, की ‘पासा’खाली, म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्ध करून, उचललं आहे? जेलच्या मुलाखतीत त्यालाच विचारा आणि जेलच्या कचेरीत खात्री करून घ्या. या एका उत्तरावर पुढचा सगळा खर्च ठरतो.

कोर्टाच्या आवारात ‘हेबिअस टाकू, महिन्यात बाहेर’ असं सांगणारे भेटतात. हेबिअस कॉर्पस म्हणजे बंदीप्रत्यक्षीकरण याचिका. बेकायदा डांबलेल्या माणसाला हजर करा, अशी मागणी तीत असते आणि ती उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 खाली होते. पण कोर्टाच्या आदेशाने कोठडीत असलेल्या किंवा शिक्षा भोगणाऱ्या माणसासाठी ती सहसा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा सांगितलं आहे. 2018 मध्ये तर महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात. शिक्षा झालेल्याचा रस्ता अपिलाचा आणि शिक्षा स्थगित करून जामीन मिळवण्याचा. चुकीच्या दाराशी दिलेली फी परत मिळत नाही, आणि तोवर अपिलाची मुदत निघून जाते.

मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेविरुद्ध सेशन्स कोर्टात अपिलाला 30 दिवस असतात. सेशन्सच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात 60, फाशी असेल तर 30. नक्कल तयार होण्यात गेलेले दिवस या मोजणीतून वगळले जातात. त्यामुळे नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाका आणि नकलेवरच्या शिक्क्यातल्या तारखा, म्हणजे अर्ज कधी केला आणि नक्कल तयार कधी झाली, नीट पाहून ठेवा. मुदत टळलीच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. उशीर का झाला हे त्या अर्जात याच तारखा सांगतात.

निकालपत्राला एक रुपयाही नको

तुरुंगवासाची शिक्षा सुनावली की निकालाची प्रत लगेच आणि विनामूल्य द्यायची, असा कायदा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 363 होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते 404 आहे. याच कलमात एक ओळ आहे, जिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं: आरोपीने मागितल्यास आणि शक्य असल्यास त्याच्या स्वतःच्या भाषेतलं भाषांतर द्यावं, आणि निकाल अपील करण्याजोगा असेल तर तेही फुकट. सुरतच्या कोर्टाचं कामकाज गुजरातीत चालतं. ज्याला फक्त मराठी वाचता येतं त्याने या कलमाचा आधार घेऊन लेखी अर्ज करावा. ‘शक्य नाही’ असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्यावं.

हा हक्क कागदावरून प्रत्यक्षात यावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाला 1978 मध्ये फार स्पष्ट बोलावं लागलं. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे ते प्रकरण. होसकोट हे सौराष्ट्र विद्यापीठात प्रपाठक होते. कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदव्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 1973 मध्ये त्यांची शिक्षा वाढवून तीन वर्षांची केली. सर्वोच्च न्यायालयात ते पोहोचले चार वर्षांहून अधिक उशिराने, शिक्षा पुरी भोगून झाल्यावर. त्यांचं म्हणणं, निकालाची प्रतच मिळाली नाही. येरवडा जेलचं म्हणणं, प्रत दिली होती, पण दयेच्या अर्जाला जोडायला परत घेतली. कैद्याच्या सहीची पोच मात्र कुठेच नव्हती. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी याचिका फेटाळली, पण नियम घालून दिला: निकालाची प्रत कैद्याला विनामूल्य द्यायची, जेलने ती त्याच्या हातात द्यायची, लेखी पोच घ्यायची, आणि अपिलासाठी त्याला वकील हवा असेल तर तो सरकारी खर्चाने द्यायचा.

म्हणून पोचेची सही करताना माणसाने सहीखाली तारीख घालावी. मुलाखतीत त्याला एवढं जरूर सांगा. प्रत मिळालीच नसेल तर ‘निकालाची प्रत कधी आली, कधी दिली’ एवढाच प्रश्न जेलकडे माहिती अधिकारात विचारा. गुजरातमध्ये या अर्जाची फी 20 रुपये आणि नक्कल पानाला 2 रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी माफ आहे. प्रश्न माणसाच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी जोडलेला असेल तर उत्तर 48 तासांत द्यायचं असतं. तसा उल्लेख अर्जाच्या पहिल्याच ओळीत करा.

मात्र कोर्टाचे कागद काढायला माहिती अधिकार वापरू नका. गुजरात उच्च न्यायालयाच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी ठरवून दिलं आहे की कोर्टाच्या कागदपत्रांच्या नकला कोर्टाच्या स्वतःच्या नियमांनीच घ्याव्या लागतात. खटल्यातला पक्षकार साधा अर्ज करू शकतो. तिऱ्हाइताला कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. भाऊ किंवा बायको कायद्याच्या नजरेत तिऱ्हाईत ठरू शकते, म्हणून अर्ज कैद्याच्याच नावाने वकिलामार्फत जावा. त्याला लागणारं वकीलपत्र जेलमध्ये अधिकाऱ्याच्या साक्षांकनाने होतं. त्यासाठी बाहेर नोटरीला पैसे द्यायचं कारण नाही.

बाकीचे कागद, आणि ते पूर्ण आहेत का

निकाल म्हणजे अख्खं रेकॉर्ड नव्हे. अपिलात उच्च न्यायालय खालच्या कोर्टाकडून ‘आर अँड पी’, म्हणजे खटल्याचं मूळ दप्तर, मागवतं. हे काम कोर्टाचं आहे आणि त्याचे पैसे कैद्याने द्यायचे नसतात. तरीही घरच्यांनी स्वतःचा एक संच तयार ठेवावा असं मी आग्रहाने सांगेन. दप्तरातून काय गायब आहे हे ज्याच्याकडे दुसरी प्रत आहे त्यालाच कळतं.

अर्धाअधिक संच घरात आधीपासूनच असतो. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर एफआयआर, पोलिसांनी घेतलेले जबाब, पंचनामे, वैद्यकीय दाखले यांच्या प्रती आरोपीला विनामूल्य द्याव्या लागतात (पूर्वीचं कलम 207, आता 230). तो गठ्ठा पहिल्या वकिलाकडे पडलेला असतो. वकील बदलताना आधी तो मागून घ्या. त्याची एक फोटोकॉपी गावी, नंदुरबारला किंवा अमळनेरला, नातेवाइकाकडे ठेवा आणि प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलवर काढा. ऑगस्ट 2006 च्या तापीच्या पुरात सुरतच्या घराघरांतून पाणी शिरलं होतं. कागद एकाच घरात ठेवू नयेत हे या शहरात वेगळं सांगायला नको.

आता तपासणीचं काम. ते वहीत, शांतपणे करायचं. निकालपत्रात बहुधा साक्षीदारांची यादी आणि कागदोपत्री पुराव्याची यादी असते. महाराष्ट्रात ज्याला निशाणी म्हणतात त्याला इथे ‘आंक’ लिहिलेलं असतं. प्रत्येक साक्षीदारापुढे दोन चौकोन करा, एक सरतपासणीचा, एक उलटतपासणीचा, आणि नक्कल हातात असेल तिथेच खूण करा. उलटतपासणीची शेवटची पानं गळालेली असणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि बचावाचं सगळं बळ त्याच पानांत असतं. मग आंक एकेक करून जुळवा: पंचनामा, शवविच्छेदनाचा किंवा जखमांचा दाखला, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल. सीसीटीव्ही किंवा फोनचा पुरावा असेल तर सीडी किंवा पेनड्राइव्हची प्रत आणि त्यासोबतचं प्रमाणपत्र. त्यानंतर आरोपीचा कोर्टाने घेतलेला जबाब (जुनं कलम 313, आता 351). शेवटी रोजकाम, म्हणजे कोणत्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद. वकील गैरहजर असताना साक्ष उरकली गेली असेल तर ते रोजकामातच सापडतं.

या नकलांना पानाप्रमाणे आकार पडतो. कायदा कोर्टाला मुभा देतो की खास कारण असेल तर तेही फुकट द्यावं, आणि गरिबी व तुरुंगवास हे खास कारण आहे हे अर्जात लिहायला लाजू नका. पैसे भरायचेच असतील तर आधी नकलेच्या खिडकीवर पानं किती होतील ते विचारा आणि पावतीशिवाय कुणाच्या हातात काही देऊ नका. प्रत्येक कागद प्रमाणित लागत नाही. वाचायला, भाषांतराला, वकिलाला समजून घ्यायला साधी प्रत चालते; सही-शिक्क्याची फक्त कोर्टात दाखल करायची ती. निकाल, आदेश आणि पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर 16 अक्षरांच्या सीएनआर क्रमांकाने फुकट दिसते. केवळ तारीख विचारायला अठवालाइन्सच्या कोर्टात खाडा करून जाण्याचे दिवस गेले.

दप्तरच हरवलं असेल तर

घाबरून जाऊ नका, पण गप्पही बसू नका. 2004 मध्ये उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध अभयराज सिंह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने क्रम सांगितला आहे: आधी दप्तर पुन्हा उभं करण्याचा प्रयत्न करायचा, ते होत नसेल आणि फार काळ लोटलेला नसेल तर फेरखटला, तेही अशक्य असेल तर मात्र शिक्षा टिकवता येत नाही. एप्रिल 2023 मध्ये जितेंद्रकुमार रोडे यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने लाचेच्या खटल्यातली शिक्षा रद्द केली, कारण खालच्या कोर्टाचं दप्तर हरवलेलं असतानाही उच्च न्यायालयाने ती कायम केली होती. पुरावा न वाचता अपील फेटाळणं म्हणजे अपिलाचा हक्कच काढून घेणं, हा त्यामागचा विचार.

दप्तर पुन्हा उभं राहतं ते सरकारी वकील, पोलीस ठाणं, दवाखाना, प्रयोगशाळा आणि बचावाचा वकील यांच्याकडच्या प्रतींवरून. त्यात तुमची प्रत असणं फार मोलाचं. मात्र ती देताना यादी करून, पोच घेऊन द्या.

दप्तर येईपर्यंत माणसाने आतच बसायचं का? नाही. अपील लवकर सुनावणीला येणार नसेल तर शिक्षा स्थगित करून जामीन मागता येतो (जुनं कलम 389, आता 430). अपील वर्षानुवर्षं ऐकायचं नाही आणि माणसाला आत ठेवायचं, हे चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच काश्मिरासिंग प्रकरणात म्हटलं आहे. या अर्जाला जेलचा दाखला जोडावा लागतो: किती दिवस आत, वर्तणूक कशी, पूर्वी रजेवर गेला तर वेळेत परतला का. गुजरातेत वकील याला ‘जेल रिमार्क्स’ म्हणतात.

कागदांच्या पैशांपायी अपील अडण्याचा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत 1956 च्या ग्रिफिन विरुद्ध इलिनॉय या खटल्यात हेच भांडण होतं: साक्षींच्या उताऱ्याचे पैसे नाहीत म्हणून गरीब कैद्याचं अपील अडलं होतं. खिशात पैसे किती यावर न्यायाचा दर्जा ठरू शकत नाही, असा कौल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला.

‘पासा’ असेल तर हिशेब उलटा

गुजरातचा असामाजिक प्रवृत्ती प्रतिबंधक कायदा 1985 चा. त्याखाली पोलीस आयुक्त खटल्याशिवाय माणसाला जास्तीत जास्त एक वर्ष स्थानबद्ध करू शकतात आणि त्याला दूरच्या जिल्ह्यातल्या जेलमध्येही ठेवता येतं. इथे कोर्टाचा निकाल नसतो, म्हणून उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 ची याचिका हाच खरा उपाय. शिक्षेच्या प्रकरणात अपुरं रेकॉर्ड ही अडचण असते. पासात अपुरे कागद हाच सुटकेचा आधार होऊ शकतो.

स्थानबद्धतेची कारणं सात दिवसांत द्यावी लागतात. सरकारची मंजुरी बारा दिवसांत हवी. प्रकरण तीन आठवड्यांत सल्लागार मंडळापुढे जावं लागतं आणि मंडळाचा अहवाल सात आठवड्यांत यावा लागतो. या तारखा एका कागदावर लिहून भिंतीला लावा. ज्या कागदांवर आदेश आधारलेला आहे त्यांच्या प्रतीही कारणांसोबत द्याव्या लागतात. इच्छूदेवी चोरडिया प्रकरणात (1980) सर्वोच्च न्यायालय याबाबत अतिशय कडक होतं. काळीकुट्ट, न वाचता येणारी झेरॉक्स म्हणजे प्रत दिली असं होत नाही.

भाषेचा मुद्दा मराठी माणसाला थेट लागू पडतो. लल्लूभाई जोगीभाई पटेल यांच्या प्रकरणात सरकारचं म्हणणं होतं की पोलीस निरीक्षकाने सगळं त्यांना कळणाऱ्या गुजरातीत तोंडी समजावून सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने ते पुरेसं मानलं नाही: स्थानबद्धाला कळणाऱ्या भाषेत लेखी प्रत हवीच. म्हणून ज्याला गुजराती वाचता येत नाही त्याने कागद स्वीकारताना सहीच्या वर स्वतःच्या हाताने मराठीत लिहावं: ‘मला गुजराती वाचता येत नाही. मराठी प्रत मिळावी.’ पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला जोडा. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. तिथे किंवा गावाकडे शिकलेल्याचा दाखला शाळेतून पुन्हा काढता येतो. पण जो सुरतेत गुजराती शाळेत शिकला, ज्याने आधीचे जबाब गुजरातीत सही करून दिले, त्याच्यासाठी हा मुद्दा उचलू नका. कोर्ट जुन्या सह्या पाहतं, आणि एक खोटं सापडलं की खऱ्या मुद्द्यांवरचा विश्वासही जातो.

निवेदन, म्हणजे ‘मला का सोडावं’ हे सरकारला लिहिणं, पूर्ण फुकट आहे. ते मराठीत, हाताने लिहिलेलंही चालतं. त्याकडे सरकारने विनाकारण दुर्लक्ष केलं तर तो याचिकेत स्वतंत्र मुद्दा होतो, म्हणून जेलची पोच घ्या. सल्लागार मंडळापुढे वकिलाचा हक्क नाही, पण वकील नसलेल्या मित्राची मदत घेता येते.

हेबिअसचं दार आणखी एका वेळी उघडतं: शिक्षा संपूनही किंवा कोर्टाने सोडायला सांगूनही सुटका झाली नसेल तर. बिहारमधले रुदुल साह 1968 मध्ये निर्दोष सुटूनही पुढची चौदा वर्षं जेलमध्येच होते. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भरपाई दिली. इतक्या मागे जायलाही नको. गुजरातेत एका जन्मठेपेच्या कैद्याची शिक्षा 2020 मध्ये स्थगित झाली, पण ईमेलला जोडलेला आदेश जेलला उघडता आला नाही, आणि तो जवळपास तीन वर्षं आतच राहिला. सप्टेंबर 2023 मध्ये उच्च न्यायालयाने त्याला एक लाख रुपये द्यायला लावले. जामिनाचा आदेश झाला की त्याची प्रत घेऊन घरच्या कुणी तरी त्याच दिवशी लाजपोरला जाऊन विचारावं, हे त्यावरून कळतं. सुरतहून सचीनकडच्या रस्त्याने जाण्याचा खर्च सगळ्या यादीत कमी, आणि कधी कधी सर्वांत उपयोगी.

वकील: फुकट आणि पैशाचा

कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असलं तरी, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली मोफत वकील मिळतो. सुरतला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, अहमदाबादेत उच्च न्यायालयाची विधी सेवा समिती, आणि देशभरासाठी 15100 हा फोन. कोर्ट फी, नकला, टायपिंग, भाषांतर हेही त्या मदतीत येतं. या वकिलाने कैद्याच्या घरच्यांकडून पैसे मागणं गैर आहे. मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवाकडे लेखी तक्रार करा. जेलमधूनच अधीक्षकामार्फत अपील पाठवण्याचीही सोय आहे (आता कलम 424). त्यालाही पैसे लागत नाहीत.

फुकटचा वकील म्हणजे कमी प्रतीचा, हा समज मला मान्य नाही. पण त्याला भेटा, आपला जुळवलेला संच द्या, तारखेआधी फोन करा. खासगी वकील केलात तर फीत नकला, टायपिंग, प्रवास धरले आहेत की वेगळे, हे पहिल्याच बैठकीत विचारा. ‘सुटला तर इतके द्या’ असा सौदा वकिलांना त्यांच्या आचारसंहितेनेच मना आहे. असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा. दंड भरायला पैसे नाहीत म्हणून कोणी अडकला असेल तर केंद्राच्या 2023 च्या गरीब कैद्यांसाठीच्या योजनेत 25,000 रुपयांपर्यंत, आणि जामिनाच्या रकमेसाठी कच्च्या कैद्यालाही मदत मिळते. अर्जाची चौकशी जेलमध्ये किंवा विधी सेवा प्राधिकरणात करा.

गुजरात उच्च न्यायालय अहमदाबादच्या सोला भागात, सुरतहून सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. प्रत्येक तारखेला घरातल्या दोघांनी रोजगार बुडवून जायची गरज नाही. या न्यायालयाचं कामकाज 2021 पासून यूट्यूबवर थेट दिसतं. गाडीभाड्याचे ते पैसे भाषांतरासाठी बाजूला ठेवा. सर्वोच्च न्यायालयात जायची वेळ आली तर गुजरातीतला प्रत्येक कागद इंग्रजीत करून द्यावा लागतो, विशेष अनुमती याचिकेची मुदत 90 दिवसांची असते, आणि शेकडो पानांचं भाषांतर शेवटच्या आठवड्यात होत नाही. उच्च न्यायालयात अपील चालू असतानाच महत्त्वाच्या साक्षीदारांच्या उलटतपासणीपासून सुरुवात करा.